शाळेच्या भिंतींवरची पोती

आंदर मावळातल्या एका गावात मी सात वर्षं हेडमास्तर होतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली शाळा अजून भरते आणि मी जे सांगणार आहे त्यात तिचा काही दोष नाही. दोष माझा आहे. माझ्या हाताखालच्या एका वयस्कर मास्तरांना निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना स्वतःच्या गावची शाळा सोडावी लागली. त्यांचा आवाज गेला, वर्गावर ताबा राहिला नाही, असं कागदोपत्री लिहिलं गेलं. ते खरं नव्हतं. खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि ते लिहून सांगू शकेल असा आता बहुधा मी एकटाच उरलो आहे.

पण सुरुवात जुन्या शाळेपासून करायला हवी. ती आठवली की अजूनही बरं वाटतं.

पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. पुण्याला ट्रेनिंग संपवून मी त्या गावी रुजू झालो. कामशेतला गाडीतून उतरायचं, नदी ओलांडायची आणि टाकव्याच्या वाटेनं दोन तास चालायचं. शाळा म्हणजे चावडीला लागून एक लांबट छप्पर होतं. भिंती कारवीच्या, दोन्ही अंगांनी शेणमातीनं लिंपलेल्या. वर भाताच्या पेंढ्यानं शाकारलेलं, आणि त्याच्या खाली माळ्यावर पाटलांच्या गुरांची वर्षभराची वैरण रचलेली. जमीन सारवलेली. एवढ्याशा जागेत चार इयत्ता चार कोपऱ्यांत बसत. एका कोपऱ्यात निमकीचे पाढे चाललेले, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात पाटीवर पेन्सिल करकरतेय, आणि तरी कुणाचं कुणाला अडत नसे. बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की कानांनाही सावली मिळाल्यासारखं वाटे.

मला हे नवं होतं. मी लोणावळ्याचा. वडील रेल्वेत फिटर होते आणि आमची चाळ इंजिनांच्या शेडला लागून होती. घाट चढवायला गाडीला जोडायची इंजिनं तिथं दिवसरात्र वाफ सोडत उभी असत. आमच्या घरात मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे. कुणी हळू बोललं तर आई म्हणे, "काय लपवतोयस?" त्यामुळे माझा आवाज लहानपणापासून मोठा. ट्रेनिंग कॉलेजात त्याचं कौतुकच झालं. मोठा आवाज म्हणजे चांगला मास्तर, असं मीही धरून चाललो.

दुसरे मास्तर अगदी उलट. ते त्याच गावचे, मुसलमान घरातले. भावाचं किराणा दुकान, घरची दोन भातखाचरं. वीसेक वर्षांपूर्वी चावडीच्या ओट्यावर सहा पोरं घेऊन ही शाळा त्यांनीच सुरू केली होती. ट्रेनिंग झालेलं नसल्यामुळे हेडमास्तर ते नाही, मी झालो. वयानं ते माझ्या वडिलांएवढे, पण मला कधी 'अरे' म्हणाले नाहीत. त्यांचा आवाज खालच्या पट्टीतला, जरा खरखरीत. समोर बसलेल्या एकाच माणसाला काही सांगावं तसं ते चाळीस पोरांना सांगत, आणि चाळीसही पोरं माना पुढे काढून ऐकत. त्यांच्या कोपऱ्यातलं शुद्धलेखन कधी चुकत नसे. गावकऱ्यांची पत्रं तेच वाचून दाखवत, तेच लिहून देत. त्यांची एकच इच्छा होती, ती मला पहिल्याच महिन्यात सांगितली होती. "हेडमास्तर, या शाळेत सुरुवात केली, हितूनच घरी बसावं. दुसरं मागणं न्हाई."

मी आल्यानंतर तिसऱ्या वर्षी नवी इमारत झाली. गावानं ओढ्यातला काळा दगड बैलगाड्यांनी आणला, चुना मळला, लोकल बोर्डाकडून छपराचे पत्रे आले. दोन मोठ्या खोल्या, उंच भिंती, खाली फरशी, वर पत्रा. मधली भिंत वाशांपर्यंत नेली नव्हती, पुरुषभर उंचीवर सोडून दिली होती. सगळा गाव कौतुकानं बघायला आला. पहिल्या दिवशी मी ऐंशी पोरांकडून एकदम पाढे म्हणवून घेतले, आणि काय सांगू, इमारत भरून गेली. एकेक पाढा पत्र्याला लागून दुप्पट होऊन खाली येत होता. नदीपल्याड नांगरणी करणारे एक आबा दुपारी मुद्दाम येऊन म्हणाले, "मास्तर, आज शाळा माझ्या बांधावर आली हुती. बैलं बी थांबली." मला आभाळ ठेंगणं झालं.

पंधरा दिवसांत मात्र काहीतरी बिनसलं. पोरं चुळबुळ करू लागली. मागच्या रांगेतली तर उत्तरच देईनात. मी एक वाक्य बोललो की त्याचं शेपूट पुढच्या वाक्यावर पडे, म्हणून मी आणखी मोठ्यानं बोले, आणि शेपूट आणखी लांब होई. पलीकडच्या वर्गातला प्रत्येक खोकला भिंतीवरून उतरून इकडे येई. चार वाजता डोकं ठणकत असे. पावसाचे चार महिने पत्र्याखाली बोलण्याची सोयच नव्हती. फळ्यावर लिहायचं आणि पोरांनी उतरवून घ्यायचं. पाऊस थांबला तरी भांडणं थांबेनात. पोरं एकमेकांना ढोसत, चिमटे काढत. आणि मी छडी हातात धरू लागलो. जुन्या छपराखाली दोन वर्षांत मी एका हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्या वेळा मारलं असेन. नव्या इमारतीत आठवड्यात तेवढं होई. मला वाटे पोरं बिघडली. घरी चहात साखर कमी पडली तरी मी बायकोवर खेकसे. हा त्या खोलीचा परिणाम आहे हे माझ्या मनातही आलं नाही.

ते आलं मास्तरांच्या मनात. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी कुलूप घेऊन गेलो तर मास्तर रिकाम्या वर्गात एकटेच उभे. टाळी वाजवत, थांबत, चार पावलं सरकत, पुन्हा वाजवत. मी म्हटलं, "मास्तर, आरती चाललीय की काय?"

"बघा की," ते म्हणाले. "ही टाळी मरतच न्हाई. भाज्याची लेणी बघितलीत ना? मोठ्या लेण्यात बसून कुणी म्हणायला लागलं की अंगावर काटा येतो. पण तितं दोघं गप्पा मारायला बसा, एकमेकांचं कळत न्हाई. ती जागा म्हणायची हाय, बोलायची न्हाई. आपली बी तशीच झालीय. पाढे झक्कास. शुद्धलेखन न्हाई चालायचं."

"आवाज थोडा चढवा. सगळं चालतं."

"तुमी चढवता, त्यो भिंतीवरून माझ्या वर्गात येतो," ते हसून म्हणाले. "आजच्याला पानपतच्या लढाईत माझी पोरं तुमच्या बाजूनं लढली."

मी हसलो, पण मनातून थोडा दुखावलोच.

पुढच्या सोमवारी त्यांनी पोरांना घरून एकेक भाताचं रिकामं पोतं आणायला सांगितलं. जुन्या शाळेत काय होतं आणि इथं काय नाही, एवढाच विचार त्यांनी केला होता. तिथं डोक्यावर पेंढा होता, भिंती मऊ होत्या. इथं सगळंच टणक. पोती उसवून, एकाला एक शिवून, मागच्या भिंतीवर आणि एका बाजूच्या भिंतीवर बांबूला टांगायची, वर वाशांना दोन फाटकी घोंगडी आडवी बांधायची, असा त्यांचा बेत. शिवायला गावातल्या दोघी-तिघी आल्या. त्यांतली एक मावशी तोंडाची फटकळ. दाभण ओढता ओढता म्हणाली, "मास्तर, बैलाला झूल घालत्यात, तशी शाळंला घालताय जनू. पोळा कवा हाय?"

"झूल न्हाई मावशी, आतून अस्तर हाय."

"अस्तर पोत्याचं? सासरची ऐपत कळली."

सगळे हसले. मीही हसलो, आणि माझ्या वर्गात मात्र हे नको म्हणून सांगितलं. दगडी इमारत, तिला पोती लावायची? धुळीचा वास, भाताचा कोंडा, त्यात उंदीर. माझ्या मनात साहेब लोक काय म्हणतील हेच होतं.

पण फरक पडला, हे मी लपवणार नाही. पोती लागल्यावर मी त्यांच्या वर्गात पाऊल टाकलं आणि जुन्या छपराखाली आल्यासारखं वाटलं. मास्तर त्याच आवाजात सांगत होते आणि शेवटच्या रांगेतली पोरं माना पुढे काढून ऐकत होती. चौथीचं शुद्धलेखन महिन्याभरात पूर्वपदावर आलं. मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातली पोरं जाऊन त्यांच्या वर्गात बसत. का बसता विचारलं तर एक पोरगी म्हणाली, "हितं बरं वाटतंय, गुर्जी." मला राग आला.

मार्गशीर्षात तपासणीचा कागद आला. नव्या इमारतीची पहिलीच तपासणी. दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर, येणार म्हटलं की आमच्याकडे शाळेचं लग्न निघे. भिंतींना चुना, दारावर तोरण, फरशी घासून पुसून, फळ्याला कोळसा आणि पानांचा रस. गावकरीही राबत. मास्तर दोन दिवसांची रजा घेऊन भाज्याला लेकीकडे गेले होते, तिला तिसरं बाळ झालं होतं. तपासणीच्या दिवशी सकाळी ते परत येणार होते. आदल्या दुपारी मी त्यांच्या वर्गात उभा राहिलो. चुन्यानं पांढरी शुभ्र झालेली माझी भिंत आणि त्यांची ती तपकिरी, मळकी. साहेब आधी हाच वर्ग बघणार. मी मोठ्या पोरांना हाक मारली, पोती आणि घोंगडी काढवली, घडी करून माझ्या घरी ठेवली, आणि भिंतींवर चुन्याचा हात मारून घेतला. वर्ग लखलखीत दिसू लागला.

सकाळी मास्तर आले. दारातच थांबले.

"पोती कुटं गेली?"

"साहेब गेले की लगेच लावू. एका दिवसाचा प्रश्न आहे."

त्यांनी एक टाळी वाजवली. हळूच. मग म्हणाले, "हेडमास्तर, आज चौथीचं शुद्धलेखन हाय. झाडाखाली घेऊ द्या."

"साहेबांना इमारत बघायचीय, मास्तर."

"बरं," ते म्हणाले.

साहेब चांगले गृहस्थ होते, घाईत होते. इमारत बघून खूष झाले. पाढे ऐकून तर फारच. मग चौथीला शुद्धलेखन. मास्तर उतारा वाचू लागले. नुकत्याच धुतलेल्या त्या खोलीत त्यांचा तो खालच्या पट्टीतला आवाज वर जाऊन भिजलेल्या कापडासारखा खाली पडत होता. त्यात माझ्या वर्गातला गलबला भिंतीवरून येत होता. पोरं एकमेकांच्या पाटीत डोकावू लागली. "काय म्हणले?" असं कुजबुजू लागली, आणि ती कुजबूजही घुमू लागली. मास्तरांनी आवाज चढवून पाहिला, तर तो फाटला. पाट्या गोळा केल्या तेव्हा ओळीच्या ओळी कोऱ्या होत्या.

साहेबांनी मला व्हरांड्यात घेतलं. "हे असं नेहमीच आहे?"

इथं मला बोलायला हवं होतं. कालपर्यंत भिंतींवर पोती होती, ती मी काढली, कालपर्यंत ही पोरं बिनचूक लिहीत होती. एवढंच. साहेबांनी ऐकून घेतलं असतं. पण मग इमारतीत दोष आहे असं निघालं असतं, जिच्याबद्दल त्यांनी आत्ताच मला शाबासकी दिली होती. आणि मी तो दोष झाकायला पोती काढली असंही निघालं असतं.

मी म्हणालो, "वय झालंय, साहेब."

त्यांनी मान हलवली आणि शेऱ्याच्या पुस्तकात लिहिलं. आवाज क्षीण. वर्गावर ताबा नाही. कमी पटाच्या शाळेवर पाठवावे.

पुढच्या महिन्यात मास्तरांची बदली झाली, घाटमाथ्याखालच्या एका वाडीवर. एकच मास्तर, बारा-पंधरा पोरं, पावसाळ्यात ओढा चढला की तीन-तीन आठवडे वाट बंद. निरोपाला गावानं नारळ दिला. त्या फटकळ मावशीनं त्यांचं बोचकं दाभणानं शिवून दिलं. मास्तरांनी मला किल्ली दिली, पाट्यांची मोजदाद करून दिली, आणि फडताळातला खडूंचा डबा कुठं ओला होतो तेही दाखवलं. जाताना म्हणाले, "तेवढी पोती परत लावा. पोरांचे हाल व्हतात." माझ्या तोंडावर दोष दिला नाही.

त्यानंतर चौथी माझ्याकडे आली. एका महिन्यात माझा घसा बसला. इंजिनांच्या शेडशेजारी वाढलेला माझा आवाज, तोही पुरेना. शेवटी एका रविवारी मी घरी ठेवलेली पोती बाहेर काढली, झटकली आणि लावली. दोन्ही वर्गांत लावली, नवी शिवून घेतली, मधल्या भिंतीवरची फट बांबूच्या तट्ट्यानं बुजवली. छडी हळूहळू फळ्यामागे गेली. चौथीचा निकाल वर आला. पुढच्या वर्षी दुसरे साहेब आले. त्यांनी भिंतींना हात लावून विचारलं, "ही युक्ती कुणाची?"

मी म्हणालो, "आम्हीच केलं, साहेब."

'आम्ही' म्हणालो, यावर मी कित्येक वर्षं स्वतःची समजूत घालत आलो. साहेबांनी त्याचा अर्थ घ्यायचा तोच घेतला. 'हेडमास्तरांनी कल्पकतेने इमारतीतील प्रतिध्वनीचा दोष दूर केला आहे', असा शेरा पडला. आसपासच्या चार गावांचे मास्तर पाहायला आले. मला लोणावळ्याच्या मोठ्या शाळेवर बढती मिळाली, त्यात त्या शेऱ्याचा वाटा होता.

मास्तरांना मी पुन्हा भेटलो त्याला दहा-बारा वर्षं लोटली होती. ते निवृत्त होऊन भाज्याला लेकीकडे राहत होते. मळवलीला उतरून मी चालत गेलो. अंगणात पेंढ्याच्या उडवीला टेकून ते बसले होते, मांडीवर नातू. मला आवाजावरूनच ओळखलं. "या हेडमास्तर. स्टेशनावरनं बोलला असता तरी ऐकू आला असता."

चहा झाला. लेक आत गेली तेव्हा मी सगळं सांगून टाकलं, साहेबांना काय म्हणालो तेही. ते नातवाच्या पाठीवर हात फिरवत ऐकत राहिले.

"पोती तुमी काढली, ते पोरांनी तवाच सांगितलंवतं," ते म्हणाले. "व्हरांड्यातलं बी आलंवतं कानावर. घुमारा लय चांगला त्या इमारतीचा."

"मग तुम्ही साहेबांशी बोलला का नाहीत?"

"त्या खोलीत? कुणाला ऐकू गेलं असतं?"

ते हसले. मी कपबशी खाली ठेवली. मग ते म्हणाले, "माझा थोरला नातू आता पुण्याला ट्रेनिंगला हाय. उद्या त्याच शाळेवर गेला तर शेऱ्याचं पुस्तक उघडंल. आज्याचा आवाज क्षीण हुता, ते वाचलं तर वाचू दे, म्हाताऱ्याचा आवाज क्षीणच असतो. पण वर्गावर ताबा न्हाई, हे त्यानं वाचू नये. तेवढ्याखाली दोन ओळी लिहा. बाकी माझं काही न्हाई."

मी कबूल केलं. पुढच्याच रविवारी त्या गावी गेलो. तिथले हेडमास्तर माझ्या ओळखीचे, त्यांनी पुस्तक काढून दिलं आणि चहा सांगायला गेले. मी दौतीत टाक बुडवला. मास्तरांचा शेरा डाव्या पानावर होता आणि माझा उजव्या. पुस्तक उघडलं की दोन्ही एकदमच दिसत. डावीकडे खरं लिहिलं की उजवीकडचं आपोआप खोटं ठरत होतं. त्या वर्षी माझं नाव वरच्या जागेसाठी गेलं होतं. टाकाची शाई वाळली. हेडमास्तर चहा घेऊन आले, मी इमारतीचं कौतुक केलं आणि निघालो. मास्तर वारले तेव्हा मला पोस्टकार्ड आलं होतं. मी गेलो नाही.

त्यांचा नातू मास्तर झाला. कुठल्या शाळेवर आहे ते मी विचारलेलं नाही. पण शेऱ्याची पुस्तकं जपून ठेवतात, आणि मास्तर मंडळी ती चाळतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून गेल्या आठवड्यात त्या शाळेच्या आताच्या हेडमास्तरांना पत्र लिहिलं आणि सोबत एक कागद पाठवला, डाव्या पानावर डकवण्यासाठी. ते डकवतील की नाही, सांगता येत नाही. तसा नियमही नसेल. त्यावर लिहिलं आहे ते इथंही लिहितो:

'वरील शेरा ज्या दिवशीचा आहे त्याच्या आदल्या दिवशी वर्गातील पोती मी काढविली होती. मास्तरांचा वर्गावर पूर्ण ताबा होता. समोरच्या पानावर ज्या युक्तीबद्दल माझी प्रशंसा आहे ती युक्ती मास्तरांची. दोन्ही वेळा साहेबांना मी खरे सांगितले नाही.'

खाली माझी सही आहे, आणि त्या वेळचा हुद्दा.